अडीच दगड मोकळा रस्ता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात एका वाचकाने लिहिलं होतं, की नाशिक-दिंडोरी-वणी रस्ता पूर्ण चौपदरी करा, ओव्हरटेकचे अपघात आपोआप थांबतील. रस्ता रुंद व्हावा याला माझी ना नाही. पण त्या 'आपोआप'पाशी मी दोन दिवस अडून बसलो होतो. शेवटी नातीच्या वहीची मागची पानं मागून घेतली आणि लिहायला बसलो. पत्र लांबलं तर काटछाट करा, फक्त मधला हिशेब तेवढा ठेवा.

मी १९८८ ते २०१९ एसटीत चालक होतो. पेठ, सुरगाणा, कळवण, मालेगाव या रस्त्यांवर आयुष्य गेलं. मुक्कामी गाड्या केल्या, पहाटेच्या धुक्यात निफाडकडून गाडी काढली, चैत्रात सप्तशृंगी गडाच्या जादा गाड्यांवर सलग ड्युट्या केल्या. आता हिरावाडीत राहतो आणि गाडीत मागच्या सीटवर बसतो. ज्याने तीस वर्षं स्टीअरिंग धरलं त्याला मागच्या सीटवर बसवणं ही शिक्षा आहे. उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत राहतो.

त्याच सीटवरून पाहिलेलं आधी सांगतो. मागच्या रविवारी गडावरून परत येत होतो. जावयांनी दिवाळीत गाडी घेतली, ती देवीला दाखवायची राहिली होती. गाडी चांगली आहे, एसी गार आहे, पडद्यावर नकाशा दिसतो. वणी सोडलं तेव्हा सहा वाजून गेले होते. लखमापूर फाट्याच्या अलीकडे पुढे उसाचा ट्रॅक्टर लागला, कारखान्याकडे चाललेला. त्याच्यामागे द्राक्षांचे क्रेट भरलेली पिकअप आणि पिकअपच्या मागे आम्ही. मागे म्हणजे किती, तर क्रेटवर चिकटवलेली चिठ्ठी मला मागच्या सीटवरून वाचता येत होती.

एवढं चिकटल्यावर पुढचं दिसणार कसं? मग जावई डोकावायला लागले. अर्धी गाडी उजवीकडे काढायची, समोर काहीतरी दिसलं की आत घ्यायची, पुन्हा काढायची. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी पिकअपवाला निघाला आणि त्याच्या शेपटाला धरून आम्हीही निघालो. पिकअपने आमच्यासाठी रस्ता पाहिला आहे असं धरून चालायचं, पण त्याने पाहिला होता तो त्याच्यापुरता. ट्रॅक्टरच्या बरोबरीला आलो तेव्हा कळलं की एका ट्रॉलीमागे दुसरी ट्रॉली जोडलेली आहे. पाठीमागून ते दिसत नाही, कारण ऊस दोन्ही बाजूंना फूटभर बाहेर आलेला असतो. पिकअप पुढे निघून गेली. समोर एक दिवा दिसत होता. जावई म्हणाले, "मोटारसायकल आहे, बसेल." ती मोटारसायकल नव्हती, एक दिवा गेलेला टेम्पो होता, आणि चालू होता तो त्याचा डावा दिवा. म्हणजे त्याचं बाकीचं सगळं अंग आमच्या बाजूला, अंधारात.

ट्रॅक्टरवाल्याने गाडी थोडी खाली घेतली म्हणून आम्ही आत घुसलो. बाहेर आलेल्या उसाच्या टोकांनी डाव्या आरशावर खर्रकन रेघा ओढल्या आणि आरसा घडी होऊन काचेला लागला. सौ.ने देवीचं नाव घेतलं. नात हसली, तिला तो खेळ वाटला. आणि जावई म्हणाले, "निघाली ना, मामा!"

मी अवनखेडपर्यंत काही बोललो नाही. तिथे चहाला थांबायला लावलं आणि एवढंच विचारलं, "तुम्हाला किती जागा लागली?" ते म्हणाले, "होती की भरपूर." सातपूरला कंपनीत ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजमाप घेतात. पण ज्या जागेवर घरातली चार माणसं पैजेला लावली, तिचं माप 'भरपूर'.

माझा मुद्दा एवढाच आहे. ओव्हरटेकला छाती लागत नाही, हिशेब लागतो. आणि तो हिशेब लायसन्स देताना कुणी विचारत नाही. म्हणून तो इथे मांडतो.

समजा, पुढे एक ट्रक ६० ने चालला आहे आणि तुम्ही ८० ने त्याला काढणार आहात. तुम्ही त्याच्या २० मीटर मागून निघालात. ट्रक १० मीटरचा, तुमची गाडी ४ मीटरची आणि पुन्हा आत येताना त्याच्यापुढे २० मीटर तरी सोडायला हवेत. झाले ५४ मीटर. हे ५४ मीटर तुम्हाला ८० च्या वेगाने कापायचे नाहीत, दोघांच्या वेगातल्या फरकाने कापायचे आहेत. फरक २० चा, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. लागले दहा सेकंद. दहा सेकंद म्हणजे किती हे पाहायचं असेल तर घड्याळ लावा आणि तेवढा वेळ श्वास रोखून समोरच्या भिंतीकडे बघा. या दहा सेकंदांत तुम्ही समोरच्याच्या बाजूने २२० मीटर जाता. समोरचाही ८० ने येत असेल तर तोही तुमच्याकडे २२० मीटर येतो. बेरीज ४४०.

ही माझी मनची बेरीज नाही. रस्ते आखणाऱ्या इंजिनिअरांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसने जी मापं दिली आहेत, त्यांत दुपदरी रस्त्यावर ८० च्या वेगाला ओव्हरटेकसाठी ४७० मीटर समोरचं दिसलं पाहिजे असं आहे. १०० च्या वेगाला ६४०. आमच्या विभागात एक इंजिनिअर साहेब पेठच्या गाडीने नेहमी यायचे, केबिनजवळच्या सीटवर बसायचे, त्यांनी मला हे आकडे पहिल्यांदा सांगितले. तोवर आम्ही जुने लोक 'फर्लांग' म्हणायचो. फर्लांग म्हणजे जवळजवळ २०० मीटर. रस्त्याच्या कडेला दोन किलोमीटर-दगडांच्या मधे छोटे दगड असतात, त्यांवर २, ४, ६, ८ असे आकडे असतात. बहुतेकांना ते कशाचे हे माहीतच नसतं, लोक त्यांवर पाय ठेवून बुटाची नाडी बांधतात. त्या दोन दगडांतलं अंतर २०० मीटर. म्हणजे ८० च्या ओव्हरटेकला जवळजवळ अडीच दगड मोकळे हवेत. पुढच्या वेळी शेजारच्या सीटवर बसाल तेव्हा एका दगडावरून दुसरा दगड बघा. किती लांब असतो ते कळेल, आणि आजवर किती वेळा दीड दगडात काम भागवलं तेही आठवेल.

आता खरी गंमत ऐका. दुपदरी रस्त्यावर मोटारीला वेगमर्यादा ७० ची आहे आणि मालट्रकला ६० ची. दोघेही कायद्याने चालले आहेत असं धरा. फरक उरला १० चा. तेच ५४ मीटर काढायला आता एकोणीस-वीस सेकंद लागतात आणि समोरचाही ७० ने येत असेल तर साडेसातशे मीटर रस्ता लागतो, म्हणजे पावणेचार दगड. आपल्या जिल्ह्यात दुपदरी रस्त्यावर पावणेचार दगड सरळ, मोकळा, मधे फाटा नाही, वस्ती नाही, असा तुकडा मला दाखवा, मी तुम्हाला चहा पाजतो. सरळ भाषेत सांगायचं तर ६० ने चाललेल्या ट्रकला ओलांडायचंच नसतं. तो चाललाय ना! घाट चढताना २०-२५ वर आलेल्या ट्रकला, ट्रॅक्टरला, बैलगाडीला ओलांडा. तिथे फरक मोठा असतो आणि काम पाच-सहा सेकंदांत होतं. आमच्याकडे उलटं चालतं. लोक ट्रॅक्टरमागे कंटाळून बसतात आणि आपल्याच वेगाने चाललेल्या लक्झरीला काढायला जीव टाकतात, कारण तिने मघाशी त्यांना काढलेलं असतं.

आणि मिळतं काय? नाशिक-वणी साधारण ४० किलोमीटर. ६० ने गेलात तर चाळीस मिनिटं, सगळा रस्ता कुणाच्या तरी मागे ५० ने गेलात तर अठ्ठेचाळीस. आठ मिनिटं. दिंडोरी नाक्याच्या सिग्नलला तेवढी जातात.

"सात मीटरच्या डांबरावर तीन गाड्या मावतात," असं मला एका काळी-पिवळीवाल्याने एकदा छातीठोकपणे सांगितलं होतं. दुपदरी रस्ता सात मीटरचाच असतो, खरं आहे. ट्रक अडीच मीटरचा, समोरून आलेला ट्रक अडीच मीटरचा आणि मधे तुमची मोटार पावणेदोन मीटरची, आरसे सोडून. झाले पावणेसात. उरलेल्या पाव मीटरमध्ये तिन्ही गाड्यांच्या मधल्या फटी आणि तिघांच्या हातांची थरथर बसवा.

मग काढायची कशी? मागे राहून. हे मला माझ्या उस्तादाने शिकवलं, ते लिंबूपाण्याच्या ग्लासावर शिकवलं. ग्लास नाकाला लावला आणि विचारलं, "पलीकडची भिंत दिसते?" मग हातभर लांब धरला. "आता?" ट्रकच्या बुडाला चिकटलात की जगात फक्त ट्रकचं फाळकं आहे. तीस-चाळीस मीटर मागे सरलात की त्याच्या दोन्ही बाजूंनी रस्ता उघडतो. डावं वळण असलं की त्याच्या डाव्या कडेने पुढचं दिसतं. रात्री त्याच्या चाकांमधून खाली डांबरावर उजेड सरकताना दिसला की समोरून कुणीतरी आहे. आणि मागून येताना वेग आधीच धरता येतो. गिअर आधी उतरवून घ्यायचा, बाहेर पडल्यावर नाही. लोक टॉप गिअरमध्येच बाहेर काढतात, मग अर्ध्यात गाडी दम टाकते आणि तिथे गिअर बदलायला जातात. आत यायचं तेव्हा मधल्या आरशात ओलांडलेल्या गाडीचे दोन्ही दिवे दिसले पाहिजेत. एकच दिसत असेल तर अजून थांबा.

मागे राहिल्यावर कुणीतरी मधल्या जागेत येऊन घुसतो, ही तक्रार जावयांनी केली. घुसतो. घुसू द्या. पुन्हा मागे सरा. एकतीस वर्षांत माझ्यापुढे किती जण घुसले असतील, एकाचाही चेहरा आठवत नाही.

एक आठवतो, तोही चेहरा नाही, हात. हे मी घरीसुद्धा कधी पूर्ण सांगितलेलं नाही. १९९७ चा मे महिना. मालेगाव गाडी होती माझ्याकडे. मुंबई-आग्रा रस्ता तेव्हा त्या भागात दुपदरीच होता. वडाळीभोई सोडलं, सोग्रस फाट्याच्या अलीकडे एक पाइपचा ट्रेलर पुढे. माझी गाडी अर्धा तास लेट. ट्रेलरमागे एक जीप आणि जीपमागे मी. जीप निघाली. ती निघाली म्हणून मी निघालो. रविवारी जावयांनी केलं तेच, अगदी तेच. म्हणूनच मला चहापर्यंत बोलता आलं नाही. जीप हलकी, भुर्रकन गेली. माझी गाडी भरलेली, वीसेक माणसं उभी. ट्रेलरच्या निम्म्यावर असताना समोर टँकर. ब्रेक मारून मागे यावं तर माझ्यामागे आणखी एक आलेला. त्या टँकरवाल्याने एका क्षणात गाडी कच्च्यात उतरवली. धुळीचा लोट उठला, त्या लोटातून त्याची केबिन माझ्या खिडकीला लागून गेली, आणि त्याचा उजवा हात बाहेर होता. तळवा वर, बोटं पसरलेली. शिवी नव्हती ती. मारायलाही उगारलेला नव्हता. 'काय हे?' असं विचारतात तसा हात.

टोमॅटोची एक जाळी फुटून टोमॅटो गिअरच्या दांड्यापर्यंत घरंगळत आले होते. कुणी ओरडलं नाही. चांदवडला थांबलो तेव्हा वाहकाने पाण्याची बाटली दिली आणि तिकिटांचा हिशेब लिहायला वळला. लॉगशीटवर मी काही लिहिलं नाही. लिहायला रकानाही नव्हता. पुढे विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळाला, तो कपाटात आहे. त्यातला निम्मा त्या टँकरवाल्याचा आहे, आणि मला त्याचं गाव माहीत नाही, नाव तर लांबच.

आता चौपदरीचं. त्या वाचकाला मी विनंती करतो, की एखाद्या संध्याकाळी विल्होळीपासून घोटीपर्यंत फक्त बघत जा. मधे दुभाजक आहे, समोरून येण्याची भीती नाही. पण उजवी मार्गिका ओव्हरटेकसाठी असते हे कुणाला पटलेलंच नाही. दुभाजकाला चिकटून कंटेनर ४५ ने चालला आहे. त्याला विचारा, तो म्हणेल डावीकडे दुचाक्या येतात, रिक्षा उभ्या असतात, ट्रॅक्टर उलटे येतात. त्याचं सगळंच खोटं नाही. मग मोटारवाले काय करतात? डावीकडून काढतात. कंटेनरच्या डावीकडे त्याला फारसं दिसत नाही, तो बसतो उजवीकडे, डाव्या दारापाशी मोठी आंधळी जागा असते. त्याला आता डावीकडे फाट्याला वळायचं असतं, आणि तुम्ही ९० ने तिथे असता. साधी खूण सांगतो. त्याच्या आरशात तुम्हाला त्याचा चेहरा दिसत नसेल, तर त्याच्यासाठी तुम्ही रस्त्यावर नाहीच.

माझी पुतणी ओझरला स्कूटीने नोकरीला जाते. ती कायद्याने डाव्या कडेने जाते. तिला मागून आलेल्या गाड्यांची भीती नाही वाटत, ती म्हणते, दोन ट्रकच्या मधून तिरकी येणारी मोटार असते ना काका, ती. एकाला उजवीकडून आणि पुढच्याला डावीकडून, असं झिगझॅग करत काढतात. पोरं त्याला 'कट मारणं' म्हणतात. चौपदरी रस्त्याने हा प्रकार थांबवला नाही, त्याला जागा करून दिली. समृद्धी महामार्गावर इगतपुरीहून चढलात तर दुचाकी नाही, ट्रॅक्टर नाही, मोटारीला १२० ची मुभा आणि ट्रकला ८०. फरक ४० चा. तिथे पुढच्याने न बघता मार्गिका बदलली तर तुमच्याकडे सेकंद नसतात, सेकंदाचे तुकडे असतात.

खुणांचाही घोळ आहे. १९८९ च्या जुन्या नियमांत, पुढच्या चालकाने ओलांडण्याची खूण दिल्याशिवाय ओव्हरटेक करू नये असं लिहिलेलं होतं. ती खूण कशी करायची तेही होतं: उजवा हात बाहेर आडवा काढून पुढे-मागे अर्धवर्तुळात झुलवायचा. आम्ही ट्रेनिंगला हे रोज करायचो, खांदे दुखायचे. आता २०१७ चे नियम आले, हात गेले, काचा बंद झाल्या, इंडिकेटर आले. पण ट्रकवाल्याचा उजवा इंडिकेटर म्हणजे काय? 'मी उजवीकडे वळतोय' की 'समोर गाडी आहे, येऊ नको'? आणि डावा म्हणजे 'मी थांबतोय' की 'जा, रस्ता मोकळा आहे'? पंजाबच्या गाडीचा एक अर्थ, आपल्याकडच्या गाडीचा दुसरा. मी तीस वर्षांनंतरही उजव्याला 'येऊ नको' आणि डाव्याला 'कदाचित' असंच वाचतो. दुसऱ्याच्या दिव्यावर आपला जीव टाकू नये, स्वतःच्या डोळ्यांना दिसेल तेवढंच खरं. ट्रकांच्या मागचं 'हॉर्न ओके प्लीज' राज्याने २०१५ मध्ये बंद केलं ते बरंच झालं. हॉर्न वाजवला म्हणजे परवानगी मिळाली असा लोकांचा समज त्या पाटीनेच करून दिला होता. उसाच्या ट्रॅक्टरवर टेप एवढ्या मोठ्याने चालू असतो की तुमचा हॉर्न त्याला गाण्यातला वाटतो.

ओलांडून घेणाऱ्यालाही नियम आहे, हे तर कुणाच्या गावीच नाही. मागचा काढायला लागला की आपण वेग वाढवायचा नाही. उलट पाय थोडा सैल करायचा, म्हणजे तो लवकर आत जातो आणि दोघंही सुटतात. इथे मोटारीने काढायला घेतलं की शेजारच्याचा पाय आपोआप खाली जातो. (हा 'आपोआप' मात्र खरा.) २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये, धोकादायक वाहन चालवणं म्हणजे काय यात, नियमाविरुद्ध ओव्हरटेक करणं स्पष्ट लिहिलेलं आहे. पहिल्या वेळी एक ते पाच हजार दंड किंवा सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही. मी आजवर हेल्मेटच्या, सीट बेल्टच्या, वेगाच्या पावत्या पाहिल्या. चुकीच्या ओव्हरटेकची पावती फाटलेली पाहिली नाही. वेगाचा कॅमेरा खांबावर बसतो, ओव्हरटेक दोन खांबांच्या मधे होतो.

संबंधित खात्यांना दोन-तीन गोष्टी सांगायच्या आहेत, आपल्यामार्फत. डांबर नवं टाकलं की मधली पट्टी महिनोन्महिने मारत नाहीत. तुटक पांढरी म्हणजे बघून काढता येईल, सलग म्हणजे नाही, जोडपट्टीत आपल्या बाजूची बघायची, हे शिकवून उपयोग काय, जर पट्टीच नसेल? वळणावर आणि चढाच्या माथ्यावर तरी आधी पट्टी मारा, डांबर ओलं असतानाच म्हणा हवं तर. ते २०० मीटरचे दगड रुंदीकरणात उपटून टाकले जातात आणि परत बसत नाहीत, ते बसवा. आणि पेठ रस्त्यावर कोटंबी, सावळघाटाच्या चढावर मधे मधे शंभर-दीडशे मीटरची जादा बाजू काढून द्या, जिथे भरलेला ट्रक डावीकडे होऊन मागच्या वीस गाड्या सोडू शकेल. सगळा घाट चौपदरी करण्यापेक्षा ते स्वस्त पडेल आणि लवकर होईल. मागच्या माणसाला 'पुढे एका किलोमीटरवर जागा आहे' हे पाटीवर दिसलं ना, तर तो थांबतो. मी पाहिलंय, माणूस थांबायला तयार असतो, किती थांबायचं ते त्याला कळत नाही म्हणून तो वेडा होतो.

ऊसवाल्यांना गाळप सुरू व्हायच्या आधी, दुसऱ्या ट्रॉलीच्या पाठीवर आणि दोन्ही कडांना रिफ्लेक्टर लावल्याशिवाय कारखान्यात घेऊ नका. पाठीवर मोठ्या अक्षरात 'दोन ट्रॉली' एवढं लिहिलं तरी पुरे. रविवारी ते दोन शब्द असते तर पुढचं सगळं टळलं असतं, निदान आरसा तरी.

सिंहस्थ २०२७ ला आहे. त्याच्या कामांसाठी ठिकठिकाणी चौपदरीची एक बाजू बंद करून दोन्हीकडची वाहतूक एका बाजूने सोडतात. बाहेरगावचा चालक अर्धा किलोमीटर आधी चौपदरीवर होता, त्याच्या डोक्यात अजून चौपदरीच आहे. तो निवांत उजवीकडे घेऊन काढायला जातो. तिथे नुसते पिंप आणि दोरी लावून भागत नाही. समोरून वाहनं येत आहेत, हे मराठी, हिंदी, गुजराती तिन्ही भाषांत लिहा, आणि आधी लिहा. पिंपापाशी लिहून उपयोग नाही.

हे पत्र लिहीत असताना नात विचारत होती, की आजोबा, तुम्ही वहीत गणितं का करताय. तिला दगडांचं सांगितलं. आता ती गाडीत बसली की '२, ४, ६, ८' असं ओरडते. जावयांना त्याचा त्रास होतो असं मुलीने फोनवर कळवलं आहे.

एक विनंती. माझं नाव छापू नये. जावई आपलंच दैनिक घेतात, खेळाचं पान आधी वाचतात हे खरं, पण पत्रांपर्यंत येतात. संक्रांतीला आमच्याकडे जेवायला यायचे आहेत. आरशाला किती खर्च आला ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही, आणि मी विचारलेलंही नाही.

आपला,
एक निवृत्त एसटी चालक
हिरावाडी, पंचवटी, नाशिक